गवंडी मासा

काकांचे डोळे गेले ते मधूनच गेले. कडेचं सगळं शाबूत राहिलं. डॉक्टरांनी कागदावर एक वर्तुळ काढलं, त्याचा मधला भाग पेन्सिलीने काळा केला आणि म्हणाले, एवढं आता परत यायचं नाही, बाहेरचं मात्र राहील. घरी आल्यावर मावशी त्यांच्या पुढ्यात उभी राहून विचारू लागली, मी दिसते का. पुढ्यात नुसता धुरकट डाग होता. काकांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं तेव्हा कुठे डोळ्याच्या कोपऱ्यात तिचा कान दिसला, थोडे केस दिसले, खांद्यावर टाकलेली मापाची टेप दिसली.

"टेप दिसते," ते म्हणाले.

मावशी हसली आणि आतल्या खोलीत जाऊन रडली.

नवराबायको असूनही गल्लीला ती दोघं मावशी आणि काका म्हणूनच ठाऊक होती. मावशीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. नवीन कपडे ती शिवत नसे. दुसऱ्यांनी शिवलेलं सुधारणं हेच तिचं काम. तुटलेली चेन बदलायची, पॅंट आखूड करायची, लग्नानंतर सुटलेल्या माणसांच्या कंबरा सोडायच्या. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक जाड पडदा होता. काका जन्मभर शहराची बस चालवत आले होते, आणि सुटीच्या दिवशी ते काय करतात हे गल्लीला कधी नीट कळलं नाही. ते गळ्यात कॅमेरा अडकवून ओढ्यावर जात आणि माशांचे फोटो काढत. मासे पकडत नसत, खात नसत, विकत नसत. कोपऱ्यावरचा न्हावी त्यांना एकदा म्हणाला होता, काका, तळायचे नसतील तर मासे बघण्यात काय हशील? काकांनी त्याला विचारलं की तू बायकोकडे बघतोस तेव्हा तळायच्या हिशोबाने बघतोस का. न्हाव्याने त्या दिवशी त्यांचे कल्ले जरा जास्तच उडवले.

हिवाळ्यात ओढ्याचं पाणी उतरतं, गाळ खाली बसतो आणि तळातला खडा न् खडा मोजता येतो. मासे मंदावतात, उन्हाच्या तुकड्यात येऊन उभे राहतात. काकांचा खरा हंगाम तो. मग वसंताची चाहूल लागली, पाणी जरा कोमट झालं, की खालच्या नदीतून एक बोटभर लांबीचा मासा वर चढून येई. त्याला ओढ्याकाठचे जुने लोक काही म्हणत असतील, काका गवंडी म्हणत. कारण तो तळातले खडे एकेक करून तोंडात धरी, बाजूला नेऊन टाकी, आणि वाटीएवढा खळगा करून त्याच्या काठाला खड्यांची रास रची. त्या खळग्यात मादी अंडी घाली. तेवढ्या दिवसांत नराच्या गळ्याखाली लाल रंग चढे. दर वसंतात गवंडी आले की काका उजळून घरी येत, कुणाला तरी फोन लावत, हातवारे करून बोलत. मावशीचं मशीन चालू असे. तिने कधी कान दिला नव्हता.

पहिली कितीतरी वर्षं ते तिला बोलवत. अगं, चल ना, आज पाणी काचेसारखं आहे. ती नाही असं कधीच म्हणाली नाही. एवढी चेन लावून होऊ दे, म्हणायची. एवढ्या दोन कंबरा होऊ देत. पुढच्या रविवारी नक्की. रविवार येत आणि जात. पुढे त्यांनी विचारणं सोडलं, आणि त्यांनी विचारणं सोडलं हेसुद्धा तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

डोळे गेल्यावर कॅमेरा कपाटात गेला. काका स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहू लागले, मान किंचित वळवलेली, जणू कुणी बाजूने हाक मारली आहे. परगावी असलेल्या लेकीचा फोन आला की ठीक आहे, ठीक आहे म्हणत आणि फोन मावशीकडे देत. जेवण पुढ्यात ठेवलं तर जेवत. रेडिओ लावला तर ऐकत. बंद केला तर का बंद केलास असंही विचारत नसत. मावशीला भरल्या घरात एकटं वाटू लागलं.

अशात एका हिवाळी सकाळी तिला ओढ्यापलीकडे एक कोट पोहोचवायचा होता. लोखंडी पुलावरून जाताना ती सहज वाकली, आणि खाली पाण्यात एक मासा दिसला. दुपारी जेवताना, काहीतरी बोलायचं म्हणून, तिने सांगितलं. काकांचा हात ताटात थांबला. केवढा होता? कुठल्या खांबापाशी? तोंड प्रवाहाकडे की उलट? पाठीवर ठिपके होते की पट्टे?

मावशीला यातलं काहीच धड सांगता येईना. तिने आठवून आठवून सांगितलं, की अंगाच्या मधोमध, डोक्यापासून शेपटीपर्यंत, बारीक धावदोरा घातल्यासारखी एक रेघ होती, आणि पोटाकडचं अंग आतल्या अस्तरासारखं फिकं होतं.

काका मोठ्याने हसले. किती महिन्यांनी ते तिला आठवेना. "धावदोरा," ते म्हणाले. "मी इतके फोटो काढले, मला नाही सुचलं हे."

दुसऱ्या दिवशी मावशीने कपाटातून कॅमेरा काढला.

शिकवणी घरातल्या घरात झाली. काकांनी चाचपून एकेक बटण तिच्या बोटाखाली दिलं. पाण्यावरची चकाकी कापणारी काच पुढे लावून कशी फिरवायची ते दाखवलं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, पाय आपटायचे नाहीत, भडक काही घालायचं नाही. त्यांचं ते मळकट तपकिरी जॅकेट तिनेच कधीतरी उरल्यासुरल्या कापडातून बेतलं होतं, ते तिने बाह्या दुमडून अंगात घातलं. आणि घाई करायची नाही, काका म्हणाले. तू आधी मासा शोधू नकोस. आधी सावली शोध. मासा तळाच्या रंगाचा असतो, पण त्याची सावली त्याला लपवता येत नाही.

पहिल्या दिवशी तिने नुसत्या खड्यांचे फोटो आणले. मग शेपट्यांचे. पण तिचे डोळे सुईत दोरा ओवण्यात मुरलेले होते, आणि वाट बघण्याची सवयही सुईनेच लावली होती. हळूहळू जमू लागलं. सकाळी दुकान उघडण्याआधी ती ओढ्याला एक चक्कर मारून येई. धुलाईच्या कारखान्यामागची पायवाट, मग पूल, मग वळणावरचा उथळ पाट, तिथून परत. घरी आली की कॅमेरा टीव्हीला जोडी. लेकीने जोडणी कशी करायची ते फोनवर समजावलं होतं. काका टीव्हीसमोर न बसता टीव्हीच्या बाजूला तोंड करून बसत आणि डोळ्याच्या कडेने ते मोठाले रंगाचे डाग न्याहाळत. बाकीचं मावशी सांगे.

आणि ती सांगायची पण काय! पुलाच्या खांबाआड राहणारा एकटा थोराड मासा होता, त्याची पाठ म्हणे उसवून पुन्हा शिवल्यासारखी होती. पिल्लांचा थवा वळला की सगळे एकदम चमकत, डब्यातल्या टाचण्या सांडाव्यात तशा. एका चपट्या माशाच्या कल्ल्याची कड काजासारखी गोल शिवलेली होती. काका ऐकत, मधेच थांबवत, पुन्हा सांग म्हणत. लेकीचा फोन आला की आता तेच बोलत सुटत. अगं, तुझ्या आईला काय दिसतं माहीत आहे का?

मावशीला हे आवडू लागलं. इतकी वर्षं या घरात बाहेरचं जग काकांनी आणलं होतं. बसमध्ये कोण भेटलं, कुठे काय नवं झालं, ते सांगत आणि ती मान खाली घालून टाके घालत ऐकत असे. आता ती सांगत होती आणि ते ऐकत होते. ओढ्यावरून परतताना ती मनात शब्द जुळवत येई. पावलं आपोआप झपझप पडत.

हिवाळा सरला. काठावरच्या झाडांना पालवी फुटली, आणि काका रोज एकच प्रश्न विचारू लागले. गवंडी आले का?

एका सकाळी ते आले. वळणावरच्या उथळ पाटात, गुडघाभरही नसलेल्या पाण्यात, मावशीला आधी एक खडा हलताना दिसला. मग खड्यामागचं तोंड दिसलं. तो खडा त्याच्या डोक्याएवढा होता. तो त्याने ओढला, सोडला, पुन्हा धरला, आणि प्रवाहाने मागे ढकलत असतानाही बाजूच्या राशीवर नेऊन ठेवला. मग वळून दुसरा धरला. मावशी काठावर पालथी पडली आणि तिने फोटो काढला. गळ्याखालचा लाल रंग नीट आला. ती उठून उभी राहिली तेव्हा तिचं पोट, गुडघे, बाह्या सगळं चिखलाने माखलं होतं, आणि तिला वाटलं, धावत घरी जावं.

तेव्हाच तिला काठावर ठोकलेल्या खुंट्या दिसल्या. डोकी लाल रंगवलेली. वळणापासून पुलापर्यंत रांगच होती. एक मुकादम आणि त्याचा सोबती फीत धरून मापं घेत होते. मावशीने काय चाललंय विचारलं. मुकादम बोलका माणूस होता. म्हणाला, मागे पावसात पाणी खालच्या दुकानांत शिरलं होतं ना, म्हणून पात्र मोकळं करायचं आहे. हा सगळा खडीचा थर उचलायचा, तळ खोल करायचा. मशीन येत्या दोन-चार दिवसांत येईल. कुणाची हरकत असेल तर पालिकेच्या ऑफिसात सांगायचं, पण अजून कुणी आलं नाही बुवा. साहेब तसे ऐकून घेणारे आहेत.

मावशी घरी गेली ती अगदी सावकाश.

दारातच काकांनी विचारलं. तिने आले म्हणून सांगितलं. फोटो टीव्हीवर लावला. काका बाजूला तोंड करून बसले आणि त्यांनी तो लाल डाग पकडला. "हा बघ. हा बघ गळा," म्हणत त्यांनी हवेतच बोट दाखवलं. बोट भलतीकडेच होतं. खुंट्यांचं सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्या चेहऱ्याकडे पाहून तिने ते गिळलं. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू, तिने ठरवलं. शिवाय सांगून करायचं काय? डोळे गेलेला निवृत्त ड्रायव्हर आणि चेन बदलणारी बाई. एका बोटभर माशासाठी यांचं कोण ऐकणार? नुसता जिवाला घोर. पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ती वळलेली मान.

दुसऱ्या दिवशीही सांगणं झालं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ती वळणावर पोहोचली तर पिवळं मशीन पाण्यात उतरलं होतं.

लोखंडी पंजा तळात शिरत होता, खडीचा ढीग उचलत होता आणि काठावरच्या ट्रकमध्ये रिता करत होता. पंजातून पाणी गळत होतं. त्या पाण्याबरोबर मधूनच काहीतरी चमकून खाली पडत होतं. ते पाणीच होतं की आणखी काही, हे तिला इतक्या दुरून कळलं नाही, आणि जवळ जायचं धाडस झालं नाही. ओढा वरपासून खालपर्यंत गढूळ झाला होता. कॅमेरा तिच्या गळ्यात होता. तो तिने उचलला नाही. मुकादमाने ओळखीचं हसून हात केला, तर तिनेही हात केला. नंतर कितीतरी दिवस तिला त्या वर केलेल्या हाताची लाज वाटत राहिली.

घरी काका दाराशीच उभे होते.

"काय, किती खळगे?"

"दोन," मावशी म्हणाली.

शब्द तोंडातून निघाला आणि मग मागे फिरायची वाट उरली नाही. त्या संध्याकाळी तिने काकांचे जुने फोटो काढले आणि त्यातला एक टीव्हीवर लावला. मागच्या एका वसंतातला होता. काका कडेने बघत राहिले, खुश झाले. ती बोलत गेली. नर खडे वाहतो आहे, मादी खालच्या अंगाला थांबली आहे, प्रवाह मध्यम, पाणी निवळ. दुसऱ्या दिवशी तिसरा खळगा झाला. मग चौथा सुरू झाला. सकाळी ती नेमाने जॅकेट घालून बाहेर पडे, ओढ्याकडे न जाता पेठेतून फिरून येई, एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ टेके आणि घरी येऊन मासे सांगे. खोटं इतकं सरसर जमेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. वेळ मारून नेण्यापुरतंच आहे, ती स्वतःला समजावत असे. पंधरवड्यात हंगाम संपेल, मासे परत गेले म्हणून सांगू, की सुटलो. काका जेवत होते, बोलत होते, लेकीला फोन लावत होते. अडचण कुठे होती?

मग एके दिवशी दुपारी दुकानात पालिकेचा अभियंता आला. मावशीने त्याला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. चाळिशीचा, नीटस माणूस. हातात एक कोट, त्याची चेन मधेच अडकलेली. मावशीने चेन पाहिली, बदलावी लागेल म्हणाली. तो हो म्हणाला आणि तिथेच घुटमळला. मग त्याने विचारलं, बस चालवायचे ते काका इथेच राहतात ना, कसे आहेत. कॉलेजात असताना रोज त्यांच्या बसने जायचो, म्हणाला. मला उशीर झाला तर थांब्यावर गाडी रेंगाळवायचे, आणि मी चढलो की आरशातून डोळे वटारायचे.

मावशीला बरं वाटलं. तिने डोळ्यांचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "म्हणूनच यंदा त्यांचा फोन आला नाही तर."

"कसला फोन?"

"माशांचा. दर वर्षी यायचा. ते छोटे मासे आले की काका मला कळवायचे, फोटो पाठवायचे, आणि मी ओढ्यातली कामं पुढे ढकलायचो. नियमच आहे तसा, मावशी. मासे अंडी घालत असतील तर पाण्यात मशीन उतरवायचं नाही. पण कुणीतरी पाहून सांगायला लागतं. आमच्याकडे कोण जाऊन बघणार? या वर्षी फोन आला नाही, म्हणून मी समजलो की मासे आलेच नाहीत. दिली परवानगी."

मावशीच्या हातातला कोट खाली सरकला.

"किती दिवस थांबला असतात?" तिने विचारलं. तिला ते विचारायचं नव्हतं.

"दोन-तीन आठवडे. पावसाला अजून अवकाश आहे. काहीच बिघडलं नसतं." मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं असावं. "आले होते का मासे?"

मावशीला उत्तर द्यावं लागलं नाही. मधला पडदा बाजूला झाला आणि काका चौकटीला धरून उभे राहिले. ते किती वेळ पलीकडे होते कोण जाणे. त्यांनी आवाजाच्या रोखाने मान वळवली आणि अभियंत्याला अगदी कामापुरतं विचारलं. कुठून कुठपर्यंत खणलं? वळण धरून? पूर्ण रुंदी? खडी कुठे टाकली? अभियंता उत्तरं देत गेला, आणि शेवटी, काका, मला माफ करा, वळणावर मी पुन्हा खडी टाकून देईन, म्हणाला.

"तुझं काही चुकलं नाही," काका म्हणाले. "तुला कुणी सांगितलं नाही. नंबर आता मला दिसत नाही, पण काम निघालंय हे कळलं असतं तर कुणाकडून तरी लावून घेतला असता."

तो गेला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मावशी स्टुलावर बसली. काका तसेच उभे होते.

"चौथ्या खळग्याचं सांगितलंस काल," ते म्हणाले.

"तो तुमच्या जुन्या फोटोतला होता."

"आणि पहिला?"

"पहिला खरा होता. तो मी पाहिला. देवाशपथ पाहिला."

काकांनी मान हलवली. मग ते अगदी साध्या आवाजात बोलले, आणि रागावले असते तर बरं, असं मावशीला वाटलं. ते म्हणाले, "या आठवड्यात तुझं सांगणं बदललं होतं. शिवण नाही, टाके नाहीत, अस्तर नाही. प्रवाह मध्यम, पाणी निवळ. सगळे माझे शब्द. मला वाटलं, तुला माझी भाषा लागली. मला फार बरं वाटलं होतं गं."

मावशीने तेव्हा बरंच काही सांगितलं. तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसाल याची भीती वाटली, म्हणाली. आपलं कोण ऐकणार असं वाटलं. ते सगळं खरंच होतं. पण त्याच्या तळाशी एक गोष्ट होती, तीही तिने सांगितली, कारण आता झाकून काही उपयोग नव्हता. तुम्ही माझ्या तोंडाकडे कान लावून बसत होता, ते मला सोडवेना. खुंट्यांचं सांगितलं असतं तर बोलणं पुन्हा तुमच्याकडे गेलं असतं.

काकांनी खुंटीवरचं जॅकेट चाचपलं आणि तिच्याकडे धरलं.

"चल," ते म्हणाले. "दाखव मला."

डोळे गेल्यापासून ते ओढ्यावर गेले नव्हते. मावशीच्या खांद्यावर हात ठेवून ते धुलाईच्या कारखान्यामागून चालत गेले. वाट पायांना पाठ होती. मावशीच वाटेत दोनदा अडखळली. वळणावर मशीन नव्हतं, काम संपलं होतं. काका काठावर उभे राहिले आणि त्यांनी काय दिसतं ते सांगायला सांगितलं. सगळं सांग, काही गाळू नकोस.

मावशी सांगू लागली. काठ दोन्ही बाजूंनी सरळ कापले आहेत, कात्रीने कापावेत तसे. वळण राहिलंच नाही. पाणी छातीइतकं खोल आणि पिवळट, तळ दिसत नाही. खडी कुठेच नाही. पलीकडच्या काठाला गाळाचा ढीग आहे, त्यात एक तुटलेली फांदी आणि एक बूट आहे. मुळं उघडी पडली आहेत, उसवलेल्या शिवणीतून धागे लोंबावेत तशी.

"मासे?"

"नाहीत."

"नीट बघ. सावली बघ."

ती खूप वेळ बघत राहिली. तिला वाटत होतं, एक तरी दिसावा. खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून नव्हे, खरंच दिसावा. पिवळ्या पाण्यात कसलीच सावली नव्हती.

"नाहीत हो," ती म्हणाली.

अभियंता शब्दाचा माणूस निघाला. त्याने पुढच्या हिवाळ्यात वळणाच्या जागी दोन ट्रक खडी आणून टाकली. मावशीच्या फोटोंवरून काकांनी ती कुठे आणि कशी पसरायची ते सांगितलं. कामावर तोच मुकादम होता. खडी निवडताना तो काकांना मुठीमुठीने नमुने हातात देत होता आणि काका बोटांनी चाचपून हे मोठे, हे बरे असं सांगत होते. पुलाखालचा थोराड मासा परतला. पिल्लांचे थवे आले. मावशी आणि काका आता बरोबरच जात, रोज नाही, पण जात. ती कॅमेरा लावी, ते काठावर घडीची खुर्ची टाकून बसत आणि पाण्याचा आवाज ऐकत.

वसंतात गवंडी आले नाहीत. त्याच्या पुढच्या वसंतातही नाहीत. काका म्हणाले, जिथे जन्मले तिथेच परत येणारी जात ती. परत यायला कुणी उरलं तर येणार ना.

दोघांत पुढे कधी भांडण झालं नाही. काका तो विषय काढून तिला कधी घालूनपाडून बोलले नाहीत. लेकीलासुद्धा त्यांनी एवढंच सांगितलं की ओढा खणला, मासे गेले. मावशीने स्वतःच एकदा फोनवर लेकीला सगळं सांगून टाकलं. लेक म्हणाली, आई, तू चांगल्यासाठीच केलंस. मावशीने फोन ठेवला आणि तिला वाटलं, हेच तर आपण तेव्हा रोज स्वतःला म्हणत होतो.

तिसऱ्या वसंतातली एक सकाळ. हवा स्वच्छ होती आणि पाण्यावर ऊन तिरपं पडलं होतं. नव्या खडीच्या टोकाशी, उथळ पाण्यात, मावशीला एक खडा हलल्यासारखा दिसला. तिने श्वास रोखला. खडा पुन्हा हलला. त्याच्यामागे काहीतरी तपकिरी होतं, अगदी क्षणभर, आणि मग प्रवाहावर वाऱ्याची लहर आली आणि सगळं फुटून गेलं. लहर विरली तेव्हा तिथे काही नव्हतं. कॅमेरा उचलायला ती विसरली होती.

"अहो," ती म्हणाली, "खडा हलला. मला हलल्यासारखा वाटला."

काकांनी मान वळवली. पूर्वी ते अशा वेळी खुर्चीतून अर्धे उठले असते, दहा प्रश्न विचारले असते. आता ते बसूनच राहिले.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. आवाज मऊ होता. त्यांना फक्त माहीत करून घ्यायचं होतं, आणि ते तिला दिसत होतं. मावशीने पुन्हा पाण्याकडे पाहिलं. हो म्हणावं असं तिला फार वाटलं.

"नक्की नाही सांगता येत," ती म्हणाली. "वाऱ्याने असेल."

काकांनी मान डोलावली, आणि दोघं ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच बसून राहिली.